ट्रेकची वाट बंद आहे का? पुण्याहून निघण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की पुण्यातल्या प्रत्येक ट्रेकिंग ग्रुपवर गुरुवार-शुक्रवारपासून तेच प्रश्न सुरू होतात. अंधारबन चालू आहे का? शिडी घाटाने सोडतात का? सिंहगडाचा घाट उघडला का? उत्तरंही तशीच येतात: कोणी म्हणतं 'आम्ही मागच्या रविवारी गेलो होतो', कोणी म्हणतं 'बंद आहे बहुतेक'. या 'बहुतेक'वर विसंबून पहाटे चारला माणसं निघतात, म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

बंद असलेल्या वाटांची एकच खात्रीची यादी कुठे मिळते?

अशी एक यादी नाही. ती का नाही हे समजून घेतलं की पुढचा शोध सोपा होतो. आपल्याकडे वाट बंद करण्याचा अधिकार अनेक हातांत आहे.

पहिला हात जिल्हाधिकाऱ्यांचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली ते मनाई आदेश काढतात. १ जुलै २०२४ पूर्वी हेच आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचे, त्यामुळे बोलताना लोक अजूनही '१४४ लावलंय' असंच म्हणतात. शिवाय २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा त्यांच्या हाताशी असतोच. प्रांत अधिकारीही (म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी) आपल्या उपविभागापुरता आदेश काढू शकतात.

दुसरा हात वनविभागाचा. भीमाशंकर, ताम्हिणी, कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही अभयारण्यं आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार तिथे जाणं मुळातच परवानगीचा विषय आहे, त्यामुळे एखादा रस्ता किंवा धबधबा हंगामापुरता बंद करायला त्यांना जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

तिसरा हात पुरातत्त्व खात्याचा, आणि इथे अनेकांची गल्लत होते. शिवनेरी आणि लोहगड केंद्रीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे आहेत, तर राजगड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. तिन्ही गड ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत एकत्र आले, पण त्यांच्या दारावरची सूचना लावणारं कार्यालय वेगवेगळंच राहिलं.

याखेरीज घाटरस्ता बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सांगण्यावरून बंद होतो, धरणातून पाणी जलसंपदा विभाग सोडतो, आणि नाक्यावर गाडी पोलीस अडवतात. म्हणून 'बंद आहे का' या प्रश्नाला जोडून 'कोणी बंद केलं' हेही विचारावं. ते कळलं की कोणाकडे खात्री करायची हे आपोआप ठरतं.

मग शोध कुठून सुरू करायचा?

आधी जिल्हा कोणता ते बघा. मग त्या जिल्ह्याचं सरकारी संकेतस्थळ, जिल्हाधिकारी कार्यालयाची आणि जिल्हा माहिती कार्यालयाची समाजमाध्यमांवरची खाती पाहा. पुणे जिल्ह्यातलं पर्यटनस्थळ असेल तर पुणे ग्रामीण पोलिसांचं खातंही बघावं. लोणावळ्याकडची वाहतूक वळवली की ते तिथे लगेच दिसतं. वर्तमानपत्रांच्या स्थानिक पानांवर मावळ, मुळशी, जुन्नर, भोर इथल्या बातम्या येतात आणि त्या राज्यभराच्या मोठ्या बातमीपेक्षा जास्त नेमक्या असतात.

वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. मोबाइलवरून लागला नाही तर आधी त्या जिल्ह्याचा एसटीडी कोड लावून पाहा.

पण हे सगळं करूनही शेवटचा फोन पायथ्याच्या गावातच करायचा. कागद बरोबर असतो, पण कधी दोन दिवस उशिरा पोचतो. रात्रीत वाहून गेलेला साकव कोणत्याही संकेतस्थळावर सकाळी सातला दिसत नाही.

गावात कोणाला फोन करायचा? आणि काय विचारायचं?

जेवणाची, मुक्कामाची किंवा गाडी लावायची सोय करणारी मंडळी बहुतेक पायथ्याच्या गावांत आहेत. त्यांचे नंबर पाट्यांवर असतात. गडावरून परतताना ते टिपून ठेवण्याची सवय लावून घ्या, कारण पुढच्या वर्षी तेच कामाला येतात. याशिवाय ग्रामपंचायत, पोलीस पाटील, आणि जिथे वनविभागाबरोबर गावाची संयुक्त वनव्यवस्थापन समिती आहे तिथे तिचे सदस्य. समितीच्या लोकांना वनरक्षक काय म्हणाला ते त्याच दिवशी माहीत असतं, कारण प्रवेशाची पावती बहुधा तेच फाडतात.

फोन शक्यतो संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला करावा. दिवसा भातलावणीच्या दिवसांत माणसं खाचरात असतात आणि अनेक गावांत रेंज येते-जाते.

आता विचारायचं काय? 'मामा, ट्रेक चालू आहे का?' असं विचारलं की उत्तर येतं, 'या की!' ते मनापासून असतं. पाहुण्याला येऊ नका म्हणणं गावात जड जातं, आणि चार महिन्यांच्या हंगामावर त्या घराचं बरंच काही अवलंबून असतं. त्यांनी नाही म्हणावं असा भार त्यांच्यावर टाकू नये. त्याऐवजी पाहिलेलं सांगता येईल असे प्रश्न विचारावेत. काल-परवा कोणी वर जाऊन आलं का? ओढ्याला पाणी किती आहे, घोट्याएवढं की मांडीएवढं? फॉरेस्टवाले कुठे बसलेत? पोलीस गाडी गावात येऊ देतात की आधीच्या फाट्यावर थांबवतात? कुठे दरड आली आहे का? तुमची गुरं चारायला वर गेली आहेत का?

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ज्या दिवशी गुराखी वर जात नाही, त्या दिवशी आपणही जाऊ नये.

व्हॉट्सअॅपवर बंदीचं पत्र फिरतंय. ते खरं आहे का, हे कसं ओळखायचं?

बहुतेक वेळा पत्र खरं असतं, पण गेल्या वर्षीचं असतं. म्हणून पहिली नजर तारखेवर. वरच्या कोपऱ्यातला जावक क्रमांक आणि दिनांक दिसत नसेल, फोटो नेमका तिथेच कापलेला असेल, तर ते पत्र पुढे पाठवू नका.

मग खाली सही कोणाची आहे ते बघा. 'जिल्हाधिकारी तथा जिल्हादंडाधिकारी' असेल तर तो जिल्ह्याचा आदेश. 'उपविभागीय दंडाधिकारी' असेल तर तेवढ्या तालुक्यांपुरता. 'उपवनसंरक्षक' किंवा 'वनपरिक्षेत्र अधिकारी' असेल तर वनहद्दीपुरता. पोलीस ठाण्याचं पत्र असेल तर ते बऱ्याचदा आवाहन असतं, मूळ आदेश वेगळाच असतो.

त्यानंतर मजकूर. सरकारी आदेशात 'ज्याअर्थी' ने सुरू होणाऱ्या परिच्छेदांत कारण दिलेलं असतं आणि 'त्याअर्थी' नंतर खरा आदेश येतो. वेळ कमी असेल तर थेट तिथे जा. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या गावांच्या हद्दीत, आणि काय करायला मनाई, या तीन गोष्टी तिथे मिळतात. ठिकाणांची नावं बहुधा शेवटच्या तक्त्यात असतात. तो तक्ता न उघडता 'पुण्यातले सगळे ट्रेक बंद' असा निरोप पसरतो आणि ज्या वाटेला काही अडचण नाही तिथल्या गावाचा रविवारही बुडतो.

एक मुदतही लक्षात ठेवा. कलम १६३ खालचा आदेश एका वेळी दोन महिन्यांपेक्षा जास्त लागू राहत नाही. राज्य सरकारला वाटलं तर ते मुदत वाढवू शकतं. त्यामुळे जूनमधला आदेश ऑगस्टच्या शेवटीही चालू असेल असं गृहीत धरू नका, आणि संपलाच असेल असंही नाही. नवा निघाला का, ते बघा. वनविभागाच्या हंगामी बंदीला ही दोन महिन्यांची मर्यादा नाही. भीमाशंकर अभयारण्यातल्या धबधब्यांवरची बंदी सप्टेंबरअखेरपर्यंत ठेवलेली आपण पाहिली आहे.

आदेशात फक्त 'धबधब्यात उतरू नये' असं लिहिलंय. म्हणजे ट्रेकला जाता येईल ना?

आदेश खरोखर तेवढाच असेल तर हो. सगळे आदेश संपूर्ण प्रवेशबंदीचे नसतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात हडपसरच्या एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. त्यानंतर जुलैमध्ये पुणे जिल्ह्यात जे मनाई आदेश निघाले, त्यांत मावळ, मुळशी, हवेली, आंबेगाव, जुन्नर, भोर, वेल्हे या तालुक्यांतली ठिकाणं होती, आणि खोल पाण्यात उतरणं, कड्याच्या टोकाला जाऊन फोटो काढणं, मद्यपान अशा ठरावीक कृत्यांना मनाई होती.

पण आपली वाट त्या पाण्यातूनच जात असेल तर? विसापूरला भाजे गावाकडून चढणारी पावसाळी वाट म्हणजे वाहत्या पाण्यातल्या पायऱ्याच आहेत. अशा ठिकाणी शब्दांत फट शोधत बसू नये. नाक्यावरच्या शिपायाने 'नाही' म्हटलं तर त्याच्याशी वाद घालायची जागा ती नाही. तो तिथे सकाळपासून भिजत उभा आहे.

आमची वाट एका जिल्ह्यात सुरू होते आणि दुसऱ्यात उतरते. कोणाचा आदेश बघायचा?

दोन्हीकडचा. सह्याद्रीत हे सारखं होतं, कारण जिल्ह्यांच्या हद्दी घाटमाथ्याच्या धारेवरूनच गेल्या आहेत.

अंधारबन घ्या. मुळशीच्या बाजूला पिंपरी गावाजवळून चालायला सुरुवात होते ती पुणे जिल्ह्यात, आणि उतरतो भिऱ्याला, म्हणजे रायगड जिल्ह्यात. देवकुंडही त्याच भिऱ्याच्या बाजूला आहे. रायगड प्रशासनाने खालची बाजू बंद केली असेल तर पुण्याच्या यादीत ते दिसणार नाही, आणि आपण निम्मी वाट उतरल्यावर परत चढायची वेळ येईल, तीही दुपारनंतर, धुक्यात.

हरिश्चंद्रगडाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. जुन्नर तालुक्यातल्या खिरेश्वरहून टोलार खिंडीने चढलात तर सुरुवात पुणे जिल्ह्यात. पाचनईची वाट अकोले तालुक्यातली, म्हणजे अहिल्यानगर जिल्हा. बेलपाड्याहून नळीची वाट धरली तर ठाणे जिल्हा, मुरबाड तालुका. गड मात्र अभयारण्यात, म्हणजे वन्यजीव विभागाकडे. 'हरिश्चंद्रगड चालू आहे का' या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नसतं. 'कोणत्या वाटेने' हे आधी सांगावं लागतं.

भीमाशंकरचंही तसंच. पुणेकर गाडीने मंचर-घोडेगावमार्गे मंदिरापर्यंत जातात, तो रस्ता उघडा असतो आणि दर्शनही चालू असतं. पण खांडसहून गणेश घाट आणि शिडी घाट चढतात ते कर्जत तालुक्यातून, रायगडमधून. मंदिर उघडं आहे म्हणून शिडी घाटही उघडा असेल, असा अर्थ काढू नका.

कागदावर सोपी युक्ती: वाटेवरची सगळी गावं लिहून काढा आणि प्रत्येकापुढे तालुका आणि जिल्हा लिहा. जेवढे जिल्हे, तेवढ्या ठिकाणी बघायचं.

गड उघडा आहे, पण रस्ता बंद आहे, असं होतं का?

वारंवार. भोरहून महाडकडे उतरणारा वरंध घाट पावसाळ्यात जड वाहनांसाठी किंवा पूर्णपणे बंद ठेवण्याचे आदेश निघत आले आहेत. ताम्हिणीत दरड आली की मुळशीकडून जाणारे सगळेच बेत कोलमडतात. रायगडला निघालेल्या पुणेकराने म्हणून गडाबरोबर वरंध आणि ताम्हिणी दोन्हींची चौकशी करावी. मिनीबस घेऊन जाणार असाल तर 'जड वाहन' या व्याख्येत ती बसते का, हे आदेशात पाहून ठेवा.

पुलांचंही बघा. १५ जून २०२५ ला, रविवारी, मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीसकट कोसळला आणि चौघांचा जीव गेला. जीर्ण पुलापाशी धोक्याची पाटी असेल तर तिला कोणाच्या सहीची गरज नाही.

पुण्यात तर ऊन पडलंय. मग बंदी कशासाठी?

कारण पुणे शहर आणि पुणे जिल्ह्याचा घाटमाथा ही पावसाच्या दृष्टीने दोन वेगळी गावं आहेत. २५ जुलै २०२४ ला संपलेल्या चोवीस तासांत शिवाजीनगरला सुमारे ११४ मिलिमीटर पाऊस झाला. शहरासाठी तोही प्रचंड होता, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं ते तेव्हाच. त्याच काळात ताम्हिणीला साडेपाचशे मिलिमीटरच्या वर नोंद झाली. कोथरूडच्या गॅलरीतून आकाश बघून मुळशीचा अंदाज बांधता येत नाही, तो असा.

म्हणून हवामान खात्याच्या अंदाजात 'पुणे' न बघता 'पुणे घाट विभाग' किंवा 'घाटमाथा' बघायचा. तो वेगळा दिला जातो. चोवीस तासांत ११५.६ मिलिमीटरच्या पुढे गेला की खातं त्याला अतिमुसळधार म्हणतं, २०४.४ च्या पुढे अत्यंत मुसळधार. निघायच्या दिवशी पहाटे पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाजही पाहून घ्या. विजांसाठी पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' अॅप आहे. मे-जूनच्या वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात उघड्या माचीवर असाल तर त्याचा फार उपयोग होतो.

आणि पाऊस थांबला म्हणून डोंगर लगेच स्थिर होत नाही. माती पाणी पिऊन जड झालेली असते. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. इर्शाळगडाला जाणारे ट्रेकर याच वाडीतून जायचे, तिथल्या ओसरीवर चहा प्यायचे. त्यानंतर त्या परिसरात प्रवेशबंदी झाली. तिला 'ट्रेक बंद' एवढंच म्हणणं मला जमत नाही.

रेड अलर्ट म्हणजे वाट आपोआप बंद का?

कायद्याने नाही. हवामान खातं इशारा देतं. बंदी प्रशासन घालतं. मात्र रेड आणि ऑरेंज इशाऱ्यानंतर तात्पुरते आदेश अनेकदा रात्री उशिरा निघतात, म्हणून शुक्रवारी रात्री उघडी असलेली वाट शनिवारी सकाळी बंद सापडू शकते. घाटमाथ्याला रेड असेल तर आदेशाची वाट न पाहता बेत रद्द करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ऑरेंजला कातळटप्पे, ओढे आणि नाळा (डोंगरातल्या अरुंद, उभ्या घळी) असलेली वाट सोडावी.

सिंहगडासाठी वेगळं काही बघावं लागतं का?

सिंहगडाला पुण्याकडून नेहमीच्या दोन वाटा आहेत आणि त्यांचं उघडं-बंद वेगवेगळं असू शकतं. घाटरस्त्यावर दरड आली की वनविभाग वाहनं थांबवतो. आतकरवाडीची पायवाट तेव्हा चालू असेलच असं नाही, विचारावं लागतं. पावसाळ्यातल्या रविवारी गर्दीमुळेही वर गाड्या सोडणं मध्येच थांबवतात, त्यामुळे सकाळी आठला मिळालेलं 'चालू आहे' अकरापर्यंत टिकत नाही. पायी जाणार असाल तर पीएमपीच्या बसने पायथ्याला जाणं सगळ्यात निश्चिंत.

२०२५ च्या मे अखेरीस अतिक्रमणं काढण्यासाठी गड काही दिवस पूर्ण बंद होता. तेव्हा पाऊस हे कारण नव्हतं, आणि म्हणून अनेकांनी चौकशीच केली नाही.

पावसाळा सोडून इतर वेळी बघायची गरज असते का?

असते. फेब्रुवारी ते मे वणव्यांचा काळ, गवत वाळलेलं असतं. मधमाश्या उठल्या की गडाचा तेवढा भाग काही दिवस टाळायला सांगतात, आणि ते ऐकायलाच हवं. कड्यावर पोळी असलेल्या गडांवर अत्तर आणि धूर दोन्ही घातक. जुन्नर वनविभागात बिबट्याचा वावर वाढला की रात्रीच्या चालण्याबद्दल सूचना येतात. तटबंदी, पायऱ्या, दरवाजे यांची दुरुस्ती बहुधा कोरड्या महिन्यांतच होते. ३१ डिसेंबरच्या रात्रीसाठी गडांवर आणि वनहद्दीत जे निर्बंध येतात, त्यांची चौकशी आठवडाभर आधी करा.

गडावर मुक्काम करायचा आहे. दिवसा प्रवेश चालू असेल तर मुक्कामही चालतो ना?

दोन्ही वेगळे प्रश्न आहेत, वेगळे विचारा. संरक्षित स्मारकं साधारणपणे सूर्योदय ते सूर्यास्त खुली असतात. अभयारण्यात तंबू आणि चूल यांना स्वतंत्र नियम लागतात. पायथ्याच्या गावात मुक्काम करून पहाटे चढणं हा बहुतेक ठिकाणी चांगला मार्ग आहे, आणि घरची पिठलं-भाकरी मिळते ती वेगळीच.

आयोजक म्हणतो, 'आम्ही दुसऱ्या वाटेने नेतो, काळजी करू नका.' जावं का?

नाही. आदेशात गावाची किंवा गडाची हद्द लिहिलेली असते, त्यामुळे मागच्या वाटेनेही तुम्ही त्याच हद्दीत जाता. शिवाय मागची वाट म्हणजे कमी वापरातली, कारवीत हरवलेली, जिथे काही झालं तर शोधायला येणाऱ्यालाही वेळ लागतो. असं सुचवणाऱ्या आयोजकाबरोबर उघड्या वाटेवरही जाऊ नये.

पैसे भरण्याआधीच त्यांना लेखी विचारून ठेवा: बंदी आली तर तारीख बदलणार, दुसरा ट्रेक देणार की पैसे परत? संदेशातलं उत्तर जपून ठेवा. चांगले आयोजक बंदीची बातमी स्वतःहून कळवतात, आदेशाच्या प्रतीसकट.

बंदी मोडली तर नेमकं काय होतं?

भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा नोंदवता येतो. साध्या उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यातून कोणाच्या जिवाला धोका झाला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ५१ लावलं तर प्रकरण आणखी गंभीर होतं. अभयारण्यात वन्यजीव कायदा वेगळा.

पण मला कायद्यापेक्षा दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. अडकलेल्याला काढायला जातात ती लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची मुलं आणि पायथ्याचे गावकरी. त्यांत पगारी कोणी नसतं. दिवसभराचं काम टाकून, रात्री, पावसात, त्याच दरडीखालून ते जातात जिच्यामुळे वाट बंद केली होती. स्ट्रेचरला खांदा देणाऱ्याला घरी बायको-मुलं आहेत.

तिथे पोचल्यावर कळलं की बंद आहे. आता काय?

परत फिरा, पण रिकामे नाही. अडवणाऱ्या वनरक्षकाला किंवा पोलिसाला आदराने विचारा: साहेब, कधीपर्यंत बंद आहे, आणि आसपास काय चालू आहे? ही मंडळी भागाची जाणकार असतात, नीट विचारलं तर सांगतात. त्यांनी सांगितलेली तारीख ग्रुपवर टाका, त्या दिवसाची तारीख घालून.

निघतानाच दुसरा बेत ठरवलेला असेल तर वाद होत नाहीत. तो पहिल्या बेतापेक्षा वेगळ्या तालुक्यातला आणि वेगळ्या घाटातला असावा, कारण ताम्हिणी बंद असताना ताम्हिणीतच पर्याय शोधून उपयोग नाही. घाटमाथ्यापासून दूर, पूर्वेकडे पुरंदर, मल्हारगड, किंवा लेणी आणि जुनी मंदिरं. मुलं बरोबर असतील तर ती जास्त रमतात.

आणि ज्या घरी जेवण सांगितलं होतं तिथे आधी फोन करा. भाकऱ्या थापायला पहाटेच सुरुवात होते. तयारी झालेली असेल तर पैसे पाठवून द्या. रक्कम आपल्यासाठी लहान असते.

आम्ही वर असतानाच वाट बंद झाली, किंवा ओढ्याने अडवलं, तर?

वाढलेला ओढा ओलांडू नका. घाटातल्या ओढ्याचं पाणी पाऊस ओसरल्यावर काही तासांत उतरतंही, पण तोवर उंच, कड्यापासून आणि झाडापासून दूर जागी सगळे एकत्र थांबा. ११२ ला फोन करा. जवळचं गाव, गडाचं नाव, कोणत्या वाटेने चढलात, किती जण, कोणाला इजा आहे का, एवढं एका दमात सांगा आणि ठिकाणाचा दुवा पाठवा. मग एकच फोन चालू ठेवून बाकीचे बंद करा. ज्या गावातून निघालात तिथल्या माणसाकडे आधीच नावं आणि परतायची वेळ देऊन ठेवली असेल, तर शोध तुमच्या फोनची वाट न बघता सुरू होतो.

बंदी उठल्याचं कसं कळतं?

बंदी लागल्याची बातमी होते, उठल्याची फारशी होत नाही. आदेशावर शेवटची तारीख असेल तर ती उलटल्यावर नवा आदेश निघाला का, ते बघा. तारखेऐवजी 'पुढील आदेश होईपर्यंत' लिहिलं असेल तर ज्याची सही आहे त्याच कार्यालयाला फोन करा. तिथला लिपिक सांगू शकतो. दुसऱ्या कोणाच्या 'उघडलंय' या निरोपावर जाऊ नका.

मुदत संपली तरी ज्या कारणाने वाट बंद झाली ते कारण गेलं का, हे वेगळं विचारा. दरडीची माती बाजूला झाली का? वाहून गेलेली शिडी पुन्हा लावली का? वरचे सुटे दगड काढले का? हे गावातच कळेल. आणि पहिल्या रविवारी सगळेच येणार हे धरून, जमलं तर त्या आठवड्यात मंगळवार-बुधवारी जा.